गाडीतल्या वासाचा माग

मे महिन्याच्या अखेरीस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुरुमेताचे सामान, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, घेऊन आम्ही फोंड्याला परतलो, तेव्हा डिकीत सुक्या बांगड्यांची एक आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) एक अशा दोन पिशव्या होत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडीत वास येऊ लागला आणि घरच्या न्यायालयाने साक्षीपुरावा न घेता बांगड्यांना दोषी ठरवले. डिकीतले कार्पेट दोनदा धुऊन झाले, आरशाला मोगऱ्याच्या सुगंधाची कुपी टांगून झाली आणि अखेर मोगरा व ओले पायमोजे यांचा एक नवाच संकर सहन करावा लागला. वास मात्र हटला नाही. बांगडे निर्दोष होते हे कळायला आणखी दहा दिवस जावे लागले, आणि त्या दहा दिवसांत नाक, हवा व पाणी यांच्याविषयी जे नव्याने समजून घ्यावे लागले तेच येथे मांडत आहे.

वास म्हणजे एखाद्या वस्तूपासून सुटून हवेवाटे नाकापर्यंत पोहोचलेले तिचे रेणू. मोटारीच्या आत जेमतेम तीन घनमीटर हवा मावते, आणि चारही काचा खाली करून गाडी चालवली की ती हवा मिनिटभरात बदलते. तरीही काचा वर केल्यावर थोड्या वेळाने वास परत येतो, कारण त्याचा साठा हवेत नसून आसनांचा फोम, कार्पेटखालचा जाड नमदा, छताचे अस्तर आणि एसीच्या कॉइलवरचा बुळबुळीत थर यांत असतो. उष्णता वाढली की या वस्तूंतून रेणू अधिक वेगाने सुटतात, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे दार उघडताच वास अंगावर येतो. सुगंधी फवारा या साठ्याला हातही लावत नाही. तो फक्त नाकासमोर आणखी एक वास उभा करतो.

शोध घेण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे नाक, आणि त्या साधनाचा स्वभाव आधी ओळखून घेतला पाहिजे. माणसाच्या नाकात वरच्या भागात, वासाचे रेणू पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात; एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात चेतवतो आणि त्यांच्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. या ग्राहकांची जनुके शोधल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे साधन विलक्षण तल्लख आहे. ओल्या मातीचा गंध देणारा जिओस्मिन हा रेणू लाख कोटी रेणूंत काही मोजकाच असला तरी आपल्याला जाणवतो. पण तेच नाक एखाद्या वासात काही मिनिटे राहिले की त्याची दखल घेणे सोडून देते. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला तिचा वास सर्वांत कमी येतो तो यामुळेच, आणि गाडीत अर्धा तास वाकून हुंगत बसणारा माणूस पहिली पाच मिनिटे सोडली तर केवळ अंदाज बांधत असतो. कॉफीचे दाणे हुंगले की नाक ताजेतवाने होते असे अत्तराच्या दुकानांत मानतात. साध्या मोकळ्या हवेपेक्षा ती युक्ती सरस ठरलेली नाही.

म्हणून आम्ही नाक गाडीत नेण्याऐवजी गाडीतला वास नाकाकडे आणला. धुऊन वाळवलेल्या सुती पंचाचे तळहाताएवढे आठ तुकडे केले, ते रात्री गाडीत आठ ठिकाणी ठेवले (चारही पायदाने, दोन आसनांच्या फटी, डिकी आणि डॅशबोर्डवरची एसीची जाळी) आणि काचा बंद केल्या. सकाळी प्रत्येक तुकडा लोणच्याच्या स्वच्छ, कोरड्या बरणीत घालून झाकण लावले व खाली आकडा चिकटवला. नंतर डिचोलीहून आलेल्या माझ्या आतेबहिणीला, जिने त्या गाडीत आठवडाभर पाऊल ठेवले नव्हते, त्या बरण्या एकेक करून व्हरांड्यात हुंगायला दिल्या. कोणती बरणी कुठली हे तिला सांगितलेले नव्हते. डिकीच्या बरणीला तिने “काही नाही” म्हटले. तिसऱ्या बरणीला तोंड वाकडे केले, बरणी दूर धरली आणि म्हणाली, “अगो, हे तर कुजलेल्या अळम्यांसारखं!” तिसरी बरणी पुढच्या डाव्या पायदानाची होती.

अळम्यांची उपमा तिला उगीच सुचली नव्हती. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्यांवर विकायला येणाऱ्या अळम्यांना, म्हणजे अळंब्यांना, त्यांचा खास दर्प देणारे एक अल्कोहोल असते, त्याचे नाव ऑक्टेनॉल. ओलीवर वाढणारी बुरशीही तेच द्रव्य हवेत सोडते. (काही जातींचे डास याच द्रव्याच्या मागावर येतात, हा एक जास्तीचा त्रास.) माशाचा वास रसायनदृष्ट्या अगदी वेगळ्या घराण्यातला आहे. समुद्री माशाच्या शरीरात असलेल्या एका बिनवासाच्या द्रव्यापासून जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, आणि हे द्रव्य आम्लारिधर्मी असते. त्यावर आम्ल पडले की त्याचा क्षार बनतो, जो हवेत उडत नाही. मासळीला लिंबू, व्हिनेगर किंवा सोलांचे आगळ लावणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांत हीच क्रिया रोज घडते. डिकीत खरोखरच माशाचे पाणी सांडले असते, तर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने पुसल्यावर वास ठळकपणे कमी झाला असता. आम्ही पुसून पाहिले होते आणि तसूभरही फरक पडला नव्हता. त्याच वेळी बांगड्यांची सुटका व्हायला हवी होती. आगळ मात्र कार्पेटला लावू नये, कारण वास जाईल आणि डाग उरेल.

दुसरा धागा वेळेचा होता. वास एसी लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत तीव्र असे, मग ओसरे. गॅरेजवाले जिला कूलिंग कॉइल म्हणतात ती डॅशबोर्डच्या आत, बहुधा सामानाच्या कप्प्यामागे डाव्या बाजूला असते. तिच्या पातळ पत्र्यांवर धूळ, परागकण आणि ओल यांच्या आधाराने जिवाणूंचा थर धरतो. कॉइल कोरडी असताना त्यांनी सोडलेली द्रव्ये पत्र्यांना चिकटून राहतात, आणि एसी सुरू होताच तेथे पाणी जमू लागले की पाण्याचे रेणू त्यांना हुसकावून लावतात. पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीतून दरवळणाऱ्या गंधाची गोष्ट याहून फार निराळी नाही. तिथे तो मोहक वाटतो, इतकेच.

हे पाणी किती असते याची सहसा कल्पना नसते. जुलैमधल्या गोव्याची हवा घेऊ: तापमान २८ ते ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉइलवरून ती ८ अंशांपर्यंत थंड होऊन बाहेर पडली, तर तिच्यात ८ ग्रॅमच वाफ राहू शकते; उरलेले १६-१७ ग्रॅम पाणी कॉइलवर गळते. एसीचा पंखा तासाला शेकडो घनमीटर हवा ढकलतो, तेव्हा बाहेरची हवा आत घेत फोंड्याहून काणकोणला जाऊन येईपर्यंत दोन-तीन लिटर पाणी सहज निघते. ते कॉइलखालच्या तसराळ्यात जमते आणि एका बोटभर जाडीच्या रबरी नळीतून गाडीखाली रस्त्यावर ठिबकते. ती नळी तुंबली तर तेच पाणी तसराळ्यातून ओसंडून पुढच्या डाव्या पायदानात उतरते.

पायदानाची रबरी चटई उचलली तर खाली कार्पेट कोरडे दिसले. हाताने दाबले तेव्हा मात्र बोटांभोवती पाणी वर आले, कारण कार्पेटखालचा नमदा स्पंजासारखा भिजला होता. पाणी स्वच्छ व चिकटपणा नसलेले होते. हा तपशील महत्त्वाचा, कारण काचेच्या तळाशी आंब्याफणसाची पाने कुजून तेथील निचरा अडला की पावसाचे पाणीही याच कोपऱ्यात येते, पण ते गढूळ असते. आणि रेडिएटरमधले शीतक द्रव्य गळत असेल तर ते रंगीत, चिकट व गोडसर वासाचे असून पुढची काच आतून तेलकट धूसर करते. पावसाने उसंत दिलेल्या दिवशी गाडी उभी करून अर्धा तास एसी चालवला. गाडीखाली एक थेंबही पडला नाही. जवळच्या मेकॅनिकने गाडी वर घेऊन नळीच्या तोंडात बारीक तार फिरवली, तेव्हा आधी तांबडी माती भुरभुरली आणि मग चहाच्या कपभर पाणी भस्सकन त्याच्या मनगटावर आले. नळीच्या तोंडात कुंभारमाशीने घर बांधले होते. मातीच्या त्या गोळीत तिने पिल्लांसाठी साठवलेले दोन कोळीही होते. बेगमी फक्त आम्हीच केली नव्हती.

नळी मोकळी होणे हा अर्धाच उपाय होता. भिजलेला नमदा जुलैत काचा उघड्या ठेवून वाळत नाही, कारण बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. आम्ही पुढचे डावे आसन काढले, कार्पेट उचलून खाली विटेचा तुकडा सारला, जुने टॉवेल दाबून जमेल तितके पाणी टिपले आणि मग गाडीचा एसी व हीटर एकाच वेळी, आतलीच हवा फिरवत, रोज अर्धा तास चालवला. एसी हवेतले पाणी काढतो आणि हीटर ती कोरडी हवा तापवतो, त्यामुळे नमद्यातले पाणी तिच्यात ओढले जाते. इंजिन चालू ठेवायचे असल्याने हे काम उघड्या अंगणातच करावे, बंद गॅरेजात कदापि नाही. पाच दिवसांनी नमदा सुकला. कॉइलवर तिच्यासाठीचा फेस मारून घेतला आणि काळा पडलेला केबिन फिल्टर बदलला. तो न बदलता केलेली सफाई पहिल्याच आठवड्यात वाया जाते.

सर्वच वास ओलीचे नसतात. सांडलेल्या दुधातली चरबी फुटून ब्युटिरिक आम्ल सुटते, त्यावर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, पण आधी थंड पाण्याने दूध काढून घ्यावे, कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात. काजूच्या हंगामात डिकीत नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, सांडला तर फळावरचे किण्व काही तासांतच तो आंबवते, म्हणून घरी पोहोचल्याबरोबर धुतलेले बरे. मेलेल्या उंदराचा वास बहुधा पंख्याच्या पिंजऱ्यातून येतो; चिचुंद्रीचा मात्र ती जिवंत असतानाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. ओझोन सोडणारी यंत्रे फुप्फुसांना व रबराला दोघांनाही अपायकारक असतात. चुलीतल्या कोळशाचा तुकडा गाडीत ठेवण्याची पद्धत आहे, पण वास शोषणारा सक्रिय कोळसा वेगळा. करवंट्यांचा कोळसा अतितप्त वाफेत भाजून त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे पाडतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. मूळ कारण दूर झाल्यावर उरलासुरला वास तो टिपतो, आधी नाही.

पेट्रोलचा, जळक्या वायरीचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर बरण्यांचा प्रयोग करत बसू नये, गाडी बाजूला घेऊन थांबावे. सडकी अंडी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि तो अनेकदा जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीतून येतो. धुराचा वास आत येत असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो हे लक्षात ठेवावे. स्वयंपाकाच्या गॅसलाही मुळात वास जवळजवळ नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन येथील शाळेत वास न आलेल्या वायूचा स्फोट होऊन जवळपास ३०० जण दगावले, त्यानंतर इंधनवायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. डिकीत सिलिंडर असताना येणारा तो दर्प म्हणजे मुद्दाम घातलेली आरोळी आहे.

आता घरी पोहोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी आम्ही एसीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे कॉइल थोडी वाळते. गाडी अंगणात उभी राहिली की पुढच्या डाव्या चाकामागे चिऱ्याच्या फरशीवर हाताएवढा ओला डाग पडतो. ज्या दिवशी तो दिसणार नाही, त्या दिवशी तार घेऊन खाली वाकायचे आहे.