खोकला थांबला, सूज उतरली का?

"आता बरा आहे तो, पंप बंद केला." दमा असलेल्या मुलाच्या पालकांकडून हे ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणता पंप? बहुतेकदा रोजचा, सूज उतरवणाऱ्या बुडेसोनाईडचा बंद झालेला असतो, आणि निळा, लगेच आराम देणाऱ्या सालब्युटामॉलचा दप्तरात असतो. व्हायला हवं नेमकं उलट: रोजचा चालू, निळा फक्त त्रास झाला तर.

लक्षणं पालकांना चांगली माहीत असतात. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ती मोजायची सात प्रश्नांची यादी आहे, सी-अ‍ॅक्ट: चार उत्तरं मुलाची, तीन पालकांची. २७ पैकी १९ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दमा आटोक्यात नाही.

पण ही यादी मोजते तो त्रास. श्वासाच्या नळ्यांची सूज ती मोजत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. अ‍ॅलर्जीच्या दम्यात धुळीतले किडे, झुरळं, बुरशी यांच्यामुळे श्वासनलिकांचं अस्तर सुजतं. पाय सुजला तर दिसतो, ही सूज दिसत नाही. अशा चिडलेल्या नळीभोवतीचा स्नायू आवळला की घरघर सुरू होते. निळा पंप तो स्नायू सैल करतो, काही मिनिटांत पोर खेळायला पळतं. सूज मात्र होती तिथेच असते. ती उतरवतो रोजचा पंप, तोही हळूहळू. त्यामुळे "पंप मारला की लगेच बरं वाटतं" यावरून सुजेबद्दल काहीच कळत नाही.

शिवाय मुलं त्रासाशी जुळवून घेतात. नऊ वर्षांचा एक मुलगा यादीतल्या हसऱ्या चेहऱ्यावर बेधडक बोट ठेवायचा: पळताना काही होत नाही. आई सहज म्हणाली, क्रिकेटमध्ये हा कायम अंपायर. पळतच नव्हता, तर धाप लागणार कशी? त्याचं फेनो आलं ४८.

फेनो म्हणजे सोडलेल्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड, हवेच्या एक अब्ज भागांत किती ते. नळ्यांना अ‍ॅलर्जीची सूज असली की तो वाढतो. मूल सहाएक सेकंद एकसारखी, संथ फुंकर मारतं. मुलांमध्ये २० च्या खाली कमी, ३५ च्या वर जास्त. (स्पायरोमेट्री ही फुंकरीचीच दुसरी तपासणी, पण वेगळी: ती नळी किती मोकळी आहे ते सांगते. दोन्ही करायच्या तर फेनो आधी.)

फेनो वाढलं म्हणून लगेच डोस वाढवणं मला मुळीच पटत नाही. नुसत्या नाकाच्या अ‍ॅलर्जीनेही ते वाढतं, पालक-बीट खाऊन आलं तरी वाढतं. आधी विचारायचं ते हे: रोजचा पंप खरंच रोज घेतला जातो का, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, नीट? आणि आकडा कमी असूनही मूल खोकत असेल, तर खोकल्याचं दुसरं कारण शोधायला हवं. फेनो बघून उपचार ठरवलेल्या मुलांना मोठे अटॅक कमी आले, पण रोजच्या लक्षणांत फारसा फरक पडला नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्रास आणि सूज ही एकच गोष्ट असती तर असं झालंच नसतं.

फेनोचं यंत्र सगळीकडे नसतं. नसेल तर अडून बसू नका. दर महिन्याला यादी भरा, मुलाबरोबरच खेळाच्या सरांनाही विचारा. रोजचा पंप कमी करायचा तो साधारण तीन महिने सगळं सुरळीत गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. आणि कागदावर "अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस" असं गुळमुळीत लिहिलेलं असेल, तर हा दमा आहे का ते स्पष्ट विचारा.