हिरवा रस, लाल उजेड

भिजवलेले गव्हाचे दाणे दोन ट्रेमध्ये पसरा. एक ट्रे खिडकीत ठेवा, दुसरा कपाटात. पाणी दोघांना सारखंच शिंपडा. आठवड्यानं कपाट उघडायचा मान घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं कपाट उघडलं तेव्हा आत गवत होतं, खिडकीतल्यापेक्षा उंचही होतं, पण पार पिवळं. “आजारी पडलंय,” तिनं निदान केलं.

आजारी नव्हतं, घाईत होतं. अंधारातल्या कोंबाला आपण अजून मातीखालीच आहोत असं वाटतं. मग तो हिरवं होण्याच्या भानगडीत पडत नाही, सगळी शिदोरी उंची वाढवण्यात घालतो. ही शिदोरी म्हणजे दाण्यातला स्टार्च. दाण्यात पाणी शिरलं की त्यातला अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते दाण्याच्या बाहेरच्या थराला निरोप देतं, तो थर अमायलेज हे विकर तयार करतो आणि स्टार्चची साखर होऊ लागते. गव्हांकुराचा रस किंचित गोड लागतो तो उगाच नाही. हरितद्रव्य बनवण्याची बहुतेक तयारी अंधारातही झालेली असते. शेवटच्या एका पायरीला मात्र उजेडच लागतो. म्हणून पिवळा ट्रे खिडकीत आणून ठेवला की काही तासांतच त्यावर हिरवी झाक दिसू लागते. (पाइनसारख्या झाडांच्या रोपांना ही अडचण नाही, ती अंधारातही हिरवी होतात.)

लहान मुलांबरोबर गहू वाढवण्याचं मुख्य कारण त्याचा वेग. आठ ते बारा तास भिजवणं, दोन-तीन दिवसांत कोंब, आठ-दहा दिवसांत वीतभर गवत. मुलांचा उत्साह साधारण तेवढाच टिकतो. दाणे खाण्यासाठी विकले जाणारेच घ्या. पेरणीच्या बियाण्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यावर चढवलेला गुलाबी-लाल रंग हा इशाराच असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते आणि घरातलं कुणीतरी “बुरशी आली!” म्हणून ट्रे टाकायला निघतं. थांबा, पाण्याचा फवारा मारा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती मूलरोमांची, म्हणजे मुळाच्या पाणी शोषणाऱ्या बारीक केसांची. बुरशी कोळिष्टकासारखी दाण्यांवरून पसरते आणि तिला कुबट वास येतो. तशी असेल तर खुशाल टाका.

कोंब बोटाच्या पेराएवढे असताना आणखी एक खेळ करता येतो. चार-पाच कोंबांच्या टोकांवर अॅल्युमिनियम फॉइलच्या इवल्या टोप्या घाला. दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे खिडकीकडे झुकलेले दिसतील, टोपीवाले मात्र बरेचसे सरळ. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर असेच प्रयोग करून 1880 साली निष्कर्ष छापला: उजेड टोकाला कळतो, वाकतो मात्र खालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार. तो निरोप ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाचा, हे पुढे 1920च्या दशकापासून उलगडत गेलं. ऑक्झिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी लांबतात आणि कोंब उजेडाकडे कलतो.

आता रस. गवत नुसतं चावून खाऊन आपल्याला फारसं काही मिळत नाही, कारण पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या आणि सेल्युलोज पचवणारं विकर आपल्याकडे नाही. गाईकडेही नाही, तिच्या पोटात ते काम जिवाणू करतात. आपल्याला ते काम यंत्रानं करावं लागतं. वेगानं फिरणाऱ्या पात्यांना गवताचे लांब धागे गुंडाळतात, म्हणून आधी कात्रीनं बारीक कापा, थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यात पिळा. पिळण्याचं काम मुलांचं. दाण्यापासून दोनेक सेंटिमीटर वर कापलं तर पुन्हा वाढ होते, कारण गवताचं पातं टोकाला नाही, बुडाशी वाढतं. पण दाण्यातली शिदोरी संपत आलेली असल्यामुळे दुसरं पीक विरळ येतं.

पालकाचा रस काढणं मला मात्र पटत नाही. पालक कोवळा, शिजवून सबंध खाता येण्यासारखा. पिळला की तंतू चोथ्यात जातात आणि पालकातलं विरघळणारं ऑक्झलेट, जे कॅल्शियमला शोषू देत नाही, ते रसात उतरतं. सूप करा.

गव्हांकुराच्या रसाला ‘हिरवं रक्त’ म्हणतात, त्यानं रक्त वाढतं असं मानतात. या नावामागे एक खरी गोष्ट आहे. हरितद्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियम असतं, हे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांच्या संशोधनातून पक्कं झालं (1915चं नोबेल). हान्स फिशर यांना 1930चं नोबेल मिळालं ते हरितद्रव्य आणि रक्तातलं हीमिन या दोन्हींच्या रचनेवरच्या कामासाठी. दोन्ही रेणूंतलं अणूंचं कडं बरंचसं सारखं, पण रक्ताच्या कड्यात मॅग्नेशियमऐवजी लोह. इथपर्यंत ठीक. पण शरीर त्या कड्यातलं मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवत नाही. लिंबू पिळून हिरवा रस गरम करा, तो मळकट शेवाळी होतो: आम्लानं मॅग्नेशियम बाहेर काढलेलं असतं. पोटात आम्लच आहे. रक्त वाढवायला लोह, फोलेट, प्रथिनं लागतात आणि त्याबाबतीत हा रस इतर हिरव्या पाल्याहून काही वेगळा नाही.

उलट अगदी तान्ह्या बाळाच्या रक्ताला हिरवा रस त्रासदायक ठरू शकतो. पालेभाज्यांत नायट्रेट असतं. रस तसाच बाहेर राहिला तर जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइट हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्याच्या कामातून बाद करतं. मोठ्यांच्या शरीरात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन दुरुस्त करणारं विकर भरपूर असतं, पहिल्या काही महिन्यांच्या बाळात कमी. म्हणून बाळाला हा रस नको, आणि थोरल्यांनीही ताजाच प्यावा. गोडीसाठी सफरचंदाचा रस मिसळणार असाल तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची 2017ची शिफारस पाहा: वर्षाच्या आत फळांचा रस अजिबात नाही, एक ते तीन वर्षं वयात दिवसाला जास्तीत जास्त सुमारे 120 मिलिलिटर.

आणखी एक सावधगिरी. कोंबांना आवडणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही आवडते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायनं सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. पाच वर्षांखालच्या मुलांना कच्चे मोड देऊ नयेत असं म्हणतात ते अशा धोक्यामुळेच. गवत दाण्याच्या वर कापल्यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. कापलेलं गवत धुवा, हातही. अगदी लहानग्यांना रस नाही मिळाला तरी काही बिघडत नाही, ट्रे त्यांचाच आहे.

दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी चवीला नकार देणं स्वाभाविकच असतं. नवी भाजी स्वीकारायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त, चाखावी लागते. भाचीनं चमचाभर रस तोंडात घेतला, विचार केला आणि उरलेला मला दिला.

मग आम्ही थोडं गवत स्पिरिटमध्ये चुरलं. हे काम मोठ्यांनी, गॅस आणि मेणबत्तीपासून लांब करायचं, आणि ते स्पिरिट कुणी प्यायचं नाही. गडद हिरवं पाणी झालं. दिवा घालवून त्यावर जांभळा अतिनील टॉर्च मारला तर बाटली लालभडक उजळली. पानात असताना हरितद्रव्य उजेडातली बहुतेक ऊर्जा साखर बनवण्याच्या कामाला देतं. इथे ते पानाबाहेर पडलेलं, देणार कुणाला? त्यातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते, थोडी लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा भाची टॉर्च घेऊन फ्रिजमधल्या पालकाकडे निघाली होती.