केऑटिक न्यूट्रल म्हणजे वाट्टेल ते करायचा परवाना नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्र घेऊन, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: पात्राच्या कागदावर 'केऑटिक न्यूट्रल' (म्हणजे अराजकाकडं झुकलेला, पण ना चांगला ना वाईट असा स्वभाव) लिहिलं की सोबत्याचा खिसा कापा, गाव पेटवा, कुणी विचारायचं नाही. हे साफ चूक आहे.

१९७४ च्या मूळ खेळात पात्राच्या स्वभावाच्या तीनच बाजू होत्या: कायदा, तटस्थता, अराजक. चांगल्या-वाईटाची दुसरी मोजपट्टी नंतर आली आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात दोन्ही मिळून नऊ घरं झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं केऑटिक न्यूट्रलच्या वर्णनात वेड्यांना आणून बसवलं. माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथंच आहे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं स्पष्ट केलं की असा माणूस बेभरवशाचा असेल, पण त्याचं वागणं फासे टाकून ठरत नाही.

चोर्ला घाटातून रात्री चोरटा माल नेणारा वाटाड्या घ्या. जकात भरणार नाही, सरदारापुढं वाकणार नाही. त्याला स्वतःची मोकळीक सगळ्यात प्यारी. सोबत्यांना पकडून देण्यात ती मोकळीक कुठं आली? उलट, रात्रीच्या घाटात त्यांच्याशिवाय त्याचं चालतही नाही. पैशाचा मोह त्याला पडेल, तो डगमगेल, आणि खेळायला मजा त्या डगमगण्यातच आहे.

जुन्या नियमांत अलाइनमेंट, म्हणजे पात्राचं हे स्वभावाचं घर, बदललं की लेव्हल, म्हणजे पात्रानं कमावलेली एक पायरी, जायची. २०१४ च्या नियमांत तशी शिक्षा नाही. म्हणून खेळ चालवणाऱ्यानंच विचारावं, "तुझ्या पात्राला इथं हवंय काय?" 'माझं पात्र तसंच आहे' हे त्याचं उत्तर होत नाही.