आरोग्यसेविका फक्त पोलिओचे थेंब पाजायला येते?

'मुंबईत केईएम, सायन, नायर ही मोठी रुग्णालये आहेतच. घरोघरी फिरणारी बाई फक्त पोलिओचे दोन थेंब पाजते,' हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

रुग्णालय जवळ असणे आणि उपचार मिळणे यांत मोठी दरी आहे. रोजंदारीवरच्या आईचा ओपीडीच्या रांगेत एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग लस 'पुढच्या आठवड्यात' जाते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. दुसराच जास्त हुकतो, कारण चालतं-फिरतं मूल आजारी दिसत नाही. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा ताप-पुरळ असलेली मुलं घरोघरी जाऊनच शोधावी लागली.

बाळंतपण रुग्णालयात झालं तरी आशा सेविकेने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं असतं: वजन, तापमान, अंगावर पिणं. बाळाने दूध सोडलं, अंग गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर त्याच क्षणी रुग्णालय.

या कामाचं मोजमाप करताना खरी गफलत कुलूपबंद घरांत होते. १०० घरांपैकी १० बंद, उरलेल्या ९० घरांतली सगळी मुलं लसवंत. अहवालात येतं '१०० टक्के'. आणि वंचित मुलं बहुधा त्या दहांतच असतात: भाड्याची खोली बदललेली, गावी गेलेली, आईबाप दोघेही कामावर. म्हणून बंद घरांची वेगळी नोंद हवी, संध्याकाळी किंवा रविवारी दुसरी फेरी हवी.