खिशातले चक्र : गोवा आणि युद्धस्मृतीची नाणी

लढाया नि वेढ्यांच्या नाण्यांचा विषय निघाला की सगळा घोळ ‘स्मारक नाणे’, म्हणजे घडून गेलेल्या घटनेच्या आठवणीसाठी काढलेले नाणे, या शब्दापाशी होतो. वेढ्यात बाहेरचे चलन तुटते, तेव्हा शहरातच मिळेल त्या वस्तूचे नाणे पाडतात. नेदरलँड्समधल्या लेडनमध्ये १५७४ साली प्रार्थनापुस्तकांच्या कागदाची नाणी पाडली. इंग्लंडातल्या न्यूआर्कला १६४५-४६ मध्ये चांदीची भांडी कापून शंकरपाळ्यांसारखी. ही निकडीची नाणी. त्यांना स्मारक म्हणणे चूक, कारण तेव्हा वेढा अजून उठायचा होता.

१५१० चे गोव्याचे नाणे तिसऱ्याच जातीचे. शहर पहिल्यांदा हाती येताच पोर्तुगीज सेनापतीने टांकसाळ उघडली आणि वाजतगाजत नवे चलन जाहीर केले. आता राज्य कोणाचे, हे सांगणारी ती दवंडीच होती. मे महिन्यात त्याला शहर सोडावे लागले. २५ नोव्हेंबरला ते त्याने परत घेतले, तो दिवस सांता कातारिना या ख्रिस्ती संत स्त्रीचा. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल तिच्याच नावाचे, आणि तिची खूण म्हणजे चक्र.

हे चक्र पुढे पोर्तुगीज इंडियाच्या राजचिन्हात बसले. रुपया जाऊन, एका रुपयाला सहा एस्कुदो (पोर्तुगालचे चलन) या हिशेबाने नवे चलन आले, त्या १९५८-५९ च्या नाण्यांवरही ते राजचिन्ह आहे. संग्राहक त्यांना साधी चलनी नाणी म्हणतात : ना वर्धापनाचे साल, ना लढाईचे नाव. नियमाने ते बरोबर. मला मात्र हे वर्गीकरण अपुरे वाटते. पोर्तुगालने १९२८ मध्ये ओरीकच्या लढाईवर दहा एस्कुदोंचे चांदीचे नाणे काढले, ते उघड स्मारक. गोव्यात जिंकल्याच्या दिवसाची खूण मासळीच्या पैशांबरोबर रोज हातातून हातात गेली, आणि ज्यांचे शहर गेले त्यांच्याच वंशजांच्या हातातून. स्मरण याहून पक्के कसे करणार?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर ते चलन गेले. भारताने १८५७ च्या उठावाच्या दीडशे वर्षांनिमित्त आणि १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाला २०१५ मध्ये पाच रुपयांची नाणी काढली. नाणे काढण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्यामुळे गोव्याच्या लढ्यातले काय धातूवर उमटावे, हे दिल्लीत ठरते.