पार्श्वभूमी : कार्बन रिम आणि ‘दुरुस्ती’ या शब्दाचा घोळ

सोलापुरात सायकलच्या चाकाची दुरुस्ती म्हणजे आऊट काढणं. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते बघायचं, चावीने तारा कमी-जास्त ताणायच्या. खड्ड्यात बसलेली लोखंडी रिम ठोकूनही सरळ होते, कारण धातू वाकतो. कार्बन तंतू आणि राळेची रिम तशी नाही; कार्बन सोसेल तेवढं सोसतो आणि मग तुटतो, तेही बऱ्याचदा आतून. तरी दुकानात येणारा गिऱ्हाईक तोच शब्द वापरतो : ‘एवढं रिपेअर करून द्या.’

कार्बन तंतू उद्योगात आले 1960 च्या दशकात. अ‍ॅक्रिलिकच्या जातीचा धागा प्राणवायूविना 1000 अंशांच्या वर तापवून ते होतात. चादरीच्या गावाला ताणा-बाणा शिकवायला नको, पण रिमवर दिसणारी विणलेली नक्षी बहुधा वरच्याच थराची असते. आतले थर एका दिशेच्या धाग्यांचे, निरनिराळ्या कोनांत रचलेले. नुसता ताणा, बाण्याच्या जागी इपॉक्सी राळ.

ब्रेक रिमवर दाबले जायचे तेव्हा ही राळच दुखणं होती. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर ब्रेक धरून ठेवला की राळ तापून मऊ पडायची आणि टायरच्या दाबाने रिमच्या कडा बाहेर फुगायच्या. 2018 पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीवर दाबणाऱ्या ब्रेकला, पूर्ण मोकळीक मिळाली आणि उष्णता रिमवरून मध्याकडच्या हबकडे गेली. मग कार्बन चाकं हौशी लोकांकडेही आली, बरीचशी सेकंड हॅण्ड. त्यांचा पूर्वेतिहास विकणाराच जाणे.

खरा वाद पुढचा. कार्बन फ्रेम दुरुस्त होते, मग रिम का नाही? फ्रेमच्या नळीला बाहेरून जादा थर गुंडाळता येतात. जाडी थोडी वाढली तरी बिघडत नाही. रिमच्या ज्या खाचेत टायर बसतो तिथे मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब असतो. टायर अडकवणारी आत वळलेली कड, म्हणजे हूक, नसलेल्या रिममध्ये तर हवा 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआयच्या आतच ठेवायची. तिथल्या कडेला डागडुजी कसली? शिवाय मागच्या चाकाच्या चेनकडच्या एकेका तारेवर साधारण 100 ते 120 किलोचा ताण असतो आणि तो सगळा निपलच्या, म्हणजे तार रिमला धरणाऱ्या बारक्या नटाच्या, भोकांभोवती येतो. बहुतेक उत्पादक रिम बदलायलाच सांगतात. त्यात त्यांचा धंदा आहे, हे खरं. काही कारागीर कडा आणि भोकं सोडून मधल्या भिंतीवरचं नुकसान हाती घेतात. त्यांना सरसकट चूक म्हणणार नाही, पण पुढच्या चाकावर तो प्रयोग मी करणार नाही.

‘दुरुस्ती’त तीन कामं एकत्र होतात : लॅकरचा, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाचा, ओरखडा झाकणं, चिरलेले धागे नव्या थरांनी जोडणं आणि सुटलेल्या थरांत राळ सोडणं. पहिलं रंगकाम. तिसऱ्यात राळ भरते, तुटलेला धागा सांधत नाही; वरून मात्र चाक नव्यासारखं दिसतं.

नाण्याने टकटक करून बघण्याची पद्धत इथेही पोचली आहे. खणखणीत आवाजात मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटल्याचा संशय घ्यायचा. उलट खात्री त्यातून मिळत नाही. आकार बदलतो तिथे चांगल्या रिमचाही आवाज बदलतो. म्हणून टायर आणि रिमची भोकं झाकणारी टेप काढून आतली बाजू बघावी लागते. निपलच्या भोकातून निघालेली केसाएवढी रेघ बहुधा तिथेच सापडते.