बुडबुडे थांबले म्हणजे झालं?

बाराव्या दिवशी बरणीवरच्या एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची झडप) बुडबुडे थांबले. न्यू जर्सीतल्या आमच्या तळघरात मधाची वाइन, म्हणजे मीड, आंबत होती. (इथे स्वतःपुरती घरी करायला परवानगी आहे, महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा.) झालं, असं समजून मी बाटल्या धुऊन ठेवल्या. नशीब, भरण्याआधी हायड्रोमीटर सोडून पाहिला. आकडा आला 1.040.

दूध डेअरीत लॅक्टोमीटर सोडतात, त्याचाच हा भाऊ: बुडाशी वजन असलेली काचेची नळी. द्रव जितका दाट, तितकी ती वर तरंगते. साध्या पाण्यात 1.000. 1.2 किलो मधात पाणी घालून चार लिटर केलं, तेव्हा ती 1.092 दाखवत होती. साखर कारखान्याच्या भाषेत 22 ब्रिक्स, म्हणजे वजनाने सुमारे 22 टक्के साखर. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. साखर घटते, त्यात अल्कोहोल पाण्याहून हलकं. म्हणून नळी रोज थोडी खाली जाते आणि साखर पुरती संपली तर 1.000च्याही खाली उतरते. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते.

मग बुडबुडे का थांबले? झाकणाच्या वॉशरला बारीक फट होती, वायू तिथून निसटत होता. उलटही होतं: खोली तापली की द्रवात विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि आंबणं संपलेलं असतानाही एअरलॉक बुडबुडतो.

1.040 म्हणजे लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर शिल्लक. ती बाटलीत आंबली असती तर लिटरमागे 50 ग्रॅम वायू कोंडून बाटल्या फुटल्या असत्या. शॅम्पेनच्या जाडजूड बाटलीतही तो 12 ग्रॅमच्या आसपास असतो!

मोजतानाही नळी फसवते. तिला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून आधी बोटांनी गिरकी द्यायची. बहुतेक नळ्या 20 अंशांसाठी आखलेल्या असतात. 30 अंशांच्या द्रवात आकडा दोनतीन हजारांशांनी कमी दिसतो.

मधात नायट्रोजन फार थोडा, त्यामुळे यीस्ट उपाशी राहून मध्येच रेंगाळतं. त्याचं खाद्य सुरुवातीलाच द्यायचं. मी ते विसरलो होतो. मग वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आठवड्याने 1.026. पुढच्या महिन्यात 0.998, आणि त्यानंतरच्या आठवड्यातही 0.998. तेव्हा कुठे बाटल्या पुन्हा धुतल्या.